पाचवं ताट

अन्नगणित प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा अचूकतेचा आकडा सोमवारी सकाळी शंभर टक्क्यांवर जाऊन थांबला आणि प्रमुख डॉ. फिरोज इनामदारांनी चक्क पेढे मागवले. एरवी सहकाऱ्याच्या वाढदिवसाला नुसती मान डोलावून काम भागवणारा हा माणूस आज स्वतः खोका घेऊन टेबलाटेबलापाशी फिरत होता. हेमांगी वैरागडेने मात्र पेढा हातात तसाच धरून ठेवला होता.

"खा की! तुझंच तर यंत्र आहे," फिरोज म्हणाले.

यंत्र तिचंच होतं. नागपुरातल्या तीनशे घरांत वर्षभर 'भोजनवेध' चाचणीसाठी चालू होता. पावसाचा अंदाज असतो, तसा हा घरच्या जेवणाचा अंदाज. कोण कधी परततं, कोणाला कधी भूक लागते, कोण बाहेरून खाऊन येतं, हे सगळं शिकून घेऊन तो दर रविवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता घरातल्यांच्या फोनवर पाठवायचा: सोमवार ते शुक्रवार रात्री किती ताटं आणि कोणता पदार्थ. त्याप्रमाणे पाकयंत्र रांधायचं. जेवणं झाली की शिल्लकमापक उरलेल्या अन्नाचं वजन करायचा आणि त्या वजनावरून भोजनवेध आपली चूक सुधारायचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाने दारातच 'आज जेवायला काय करायचं?' म्हणून कपाळाला हात लावू नये, एवढ्यासाठी हेमांगीने हा खटाटोप केला होता. येत्या शुक्रवारी तो शहरातल्या घराघरांत जाणार होता.

"सर, हा आकडा मला भलताच वाटून राहिला," ती म्हणाली. "माणसं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. माझ्या घरची तर नाहीच नाही."

"म्हणजे यंत्र चुकत नाही, ही तुझी तक्रार?"

तिने आपल्या घरचा तक्ता त्यांच्यासमोर धरला. गुरुवार: ताट एक, मुगाची खिचडी.

ते एक ताट तिच्या सासऱ्यांचं होतं, आबाजींचं. वर्षापूर्वी तिथे चार ताटं असायची: आबाजी, तिचा नवरा प्रफुल्ल, मुलगी मैथिली आणि ती स्वतः. मग तीन झाली, मग दोन. गेल्या गुरुवारी ती घरी आली तेव्हा आबाजी ओट्यापाशी उभ्याउभ्या खिचडी खात होते. "एकट्यासाठी टेबल कशाला मांडायचं बेटा," ते सहज म्हणाले. जूनमध्ये मैथिली शिकायला पुण्याला जाणार होती. चौघांनी मिळून जेवायच्या संध्याकाळी उरल्या होत्या थोड्याच, आणि त्या तिच्याच यंत्राने गिळायला घेतल्या होत्या.

"यात यंत्राचा काय दोष?" फिरोज म्हणाले. "माणसांना कामं असतात, ती येत नाहीत, यंत्र तेवढं सांगतं. थर्मामीटर लावल्याने ताप चढतो का?"

"ताप थर्मामीटर वाचत नाही, सर. माणसं तक्ता वाचतात." हेमांगीने पेढा खाली ठेवला. "एका गुरुवारी प्रफुल्लला उशीर झाला. पुढच्या गुरुवारी यंत्राने तीन ताटं लिहिली. प्रफुल्लने ते वाचलं आणि म्हणाला, मला धरलेलंच नाही, तर बसतो ऑफिसातच. अंदाज खरा ठरला. मग बाबा नाहीत म्हणून मैथिली मैत्रिणीकडे थांबली. ताटं घटली तसा पदार्थही साधा झाला, आणि खिचडीसाठी धावत घरी कोण येतं? मी तरी कुठे येते! अन्न उरलं नाही की आपण यंत्राला शाबासकी देतो. मग ते हेच शिकलं. कमी सांगा, माणसं कमी येतील, काही उरणार नाही."

"हा तुझा तर्क झाला. पुरावा?"

"तक्ता कधीच न बघणारी माणसं मी वेगळी काढली. आबाजींसारखी. त्यांचं घरचं जेवण वर्षभरात जराही कमी झालेलं नाही."

"म्हातारी माणसं. ती जाणार कुठे?" फिरोजनी हात झटकले. पण शास्त्रज्ञ खरे, त्यामुळे शंका त्यांना स्वस्थ बसू देईना. थोड्या वेळाने तेच तिच्या टेबलाशी आले. "असं कर. अंदाज माणसांना ओढतो म्हणतेस ना? गुरुवारी तुझ्या घरच्या तक्त्यात खोटा आकडा घाल. चार नको, पाच घाल. घरात माणसं चार. कोणाला बोलवायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही. पाचही ताटं रिकामी झाली, तर शुक्रवारचं वितरण मी थांबवतो. एक जरी भरलेलं राहिलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

हेमांगीने एकच्या जागी पाच लिहिलं. त्याबरोबर यंत्राने आपण होऊन खिचडी खोडली, गोळाभात लिहिला आणि बदललेला तक्ता घरातल्यांच्या फोनवर पाठवला.

आता वैरागड्यांच्या घरची एक खोड सांगायला हवी. पाहुणा येणार असं कळलं की तो कोण, हे त्या घरात कोणी विचारत नसे. विचारलं तर पाहुणा नकोसा झालाय असं दिसतं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्यामुळे तक्त्यावर पाचचा आकडा दिसला आणि प्रत्येकाने मनातल्या मनात आपापला पाहुणा ठरवून टाकला.

मैथिलीची खात्री होती की अमरावतीची आत्या येणार. दिवाणावर महिनोन्‌महिने साचलेला कपड्यांचा डोंगर तिने न सांगता उपसला. प्रफुल्लच्या मते येणार होती ती हेमांगीची मामी. तिच्यासमोर उशिरा उगवणं म्हणजे जन्मभराचं ऐकून घेणं, म्हणून तो संत्रा बर्फीचा पुडा घेऊन दिवसाउजेडीच घरी हजर झाला. शेजारणीने त्याला ओळखलं हेच नवल. आबाजींनी तक्ता पाहिलाच नव्हता, पण दिवाणाचा पृष्ठभाग दिसतोय म्हटल्यावर ते काय ते समजले आणि इस्त्रीचा सदरा घालून बसले. दर्यापूरच्या दोस्ताला त्यांनी कधीकाळी 'ये ना बाप्पा एकदा' असं म्हटलं होतं. तोच असणार.

साडेआठला तिघंही टेबलाशी होते. हेमांगी दारातच थबकली. नुसत्या एका आकड्याने तिचं घर तिला परत आणून दिलं होतं. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

पाच ताटं वाढून तयार होती. वाफाळता भात, त्यावर बेसनाचे गोळे आणि शेजारी मिरचीची कडकडीत फोडणी. पण पाहुण्याआधी घास घ्यायचा कसा? मग गप्पा सुरू झाल्या.

"तुझा बाप लहानपणी सगळ्यांच्या ताटातले गोळे मोजायचा," आबाजी नातीला म्हणाले. "माझ्यात एक कमी म्हणून असा भोकाड पसरायचा!"

"कमी असायचाच," प्रफुल्ल म्हणाला. "तुम्ही चव बघायच्या नावाखाली खायचे."

मैथिली हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली. हेमांगी बघत होती, ऐकत होती, आणि आतून खचत चालली होती. नऊ वाजून गेले. पाचवं ताट तसंच होतं. आकड्याने तो वाचणाऱ्यांना ओढून आणलं, पण तो वाचणारं आणखी कोणी असेल तर ना! उद्या भोजनवेध घराघरांत जाईल आणि गावभरचे आबाजी ओट्याशी उभ्याने जेवतील.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. चौघंही एकदम उठले.

दारात फिरोज इनामदार उभे होते. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वजनकाटा. "घरच्या मापकाचा आकडा उद्या कोणी खोटा म्हणायला नको," ते हेमांगीला हळूच म्हणाले. "पाचव्या ताटाचं वजन मी स्वतः करतो आणि निघतो."

"या साहेब, या!" आबाजींनी त्यांचा हातच धरला. "तुमच्याचसाठी थांबलो आम्ही."

"नाही नाही, मी जेवायला नाही आलो. वजन करायचंय फक्त."

"करा ना बाप्पा. पण भरल्या ताटाचं कसलं वजन? आधी हात धुऊन घ्या."

हेमांगीने ओठ घट्ट मिटून घेतले. कोणाला बोलवायचं नाही, असं ठरलं होतं. पण बाकीच्या तिघांनी काही कबूल केलेलं नव्हतं. प्रफुल्लने खुर्ची ओढली, मैथिलीने टॉवेल दिला, आणि भुकेल्या पाहुण्यांना सोडून देण्याइतकं ते घर अजून सुधारलेलं नव्हतं. फिरोज 'दोनच घास' म्हणत बसले. आबाजींनी त्यांच्या भातात गोळा कुस्करला, मैथिलीने त्यावर फोडणी ओतली. पहिल्या घासाला फिरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची तिखट होती. मग ते बोलेनासे झाले आणि नुसते जेवू लागले. भात दुसऱ्यांदा घेतला. आईच्या हातच्या वांग्याच्या भाजीची आठवण सांगितली. बर्फीचे दोन तुकडे खाल्ले.

शेवटी कर्तव्याची आठवण होऊन त्यांनी काटा टेबलावर मांडला आणि समोरचं ताट उचललं. उचलून हातातच धरून राहिले. ताट लख्ख होतं, आणि टेबलावरची बाकीची चारही.

"सर," हेमांगीने विचारलं, "तुम्ही का आलात?"

फिरोजनी ताटाकडे पाहिलं, चौघांकडे पाहिलं.

"तक्त्यावर पाच लिहिलं होतं म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि काटा पिशवीत घातला. "वितरण थांबवतो मी. सकाळीच कळवतो." पण ते उठले नाहीत. "तुला माहीत नसेल, हेमांगी. माझ्याही घरी भोजनवेध आहे. त्याच्यावर कित्येक महिने रोज शून्य येतं. शून्य बघतो आणि प्रयोगशाळेतच काहीतरी खाऊन घेतो. आणि सगळ्यांना अभिमानाने सांगतो, माझ्याकडे हे यंत्र एकदाही चुकलेलं नाही."

आबाजींना भोजनवेध काय ते कळत नव्हतं, पण समोरच्या ताटात काही नाही एवढं दिसत होतं. त्यांनी भांड्यातला उरलेला गोळा उचलला आणि फिरोजच्या ताटात वाढला.