नदी खुली असताना

कोरड्या हाताने आयू मासा धरणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. शुहेईची आणि माझी पहिली भेट त्या रागातच झाली.

निओदो नदीच्या काठी आमचं दुकान आहे. बाबा आणि मी, आम्ही दोघंच ते चालवतो. जूनमध्ये नदी मासेमारीला खुली झाली की लांबलांबचे गळवाले येतात आणि आमच्याकडून जिवंत आयू घेऊन जातात. आयू हा जात्याच भांडखोर. आपल्या दगडावरचं शेवाळ तो एकटा खातो, आणि दुसरा कुणी हद्दीत शिरला की अंगावर धावून जातो. अशा माशाला गांडूळ दाखवून काय उपयोग? त्याच्या दारात दुसरा जिवंत आयू दोरीला बांधून धाडायचा. हा भांडायला आला, की त्या पाहुण्यामागे सोडलेल्या गळात आपोआप अडकतो. भांडण लावायला पाठवायच्या त्या माशाला ओतोरी म्हणतात. माझा सगळा उन्हाळा नवख्या लोकांच्या ओतोरींच्या नाकात बारीक कडी घालून देण्यात जातो.

त्या दिवशी मी मागे जाळी धूत होते. पुढे येऊन बघते तर एक उंच, उन्हाने करपलेला तरुण आमच्या टाकीत डावा हात घालायच्या बेतात. उजवा हात पट्टीने गळ्यात अडकवलेला. डावा कोरडा ठणठणीत.

"अहो, हात आधी बादलीत बुडवा," मी म्हटलं. "गार झाल्याशिवाय माशाला लावायचा नाही. भाजतो तो."

त्याने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "इतका तापट दिसतो मी?"

"तुम्ही नाही. हात."

"मग दोन्ही बुडवू... की एक चालेल?" गळ्यातला हात त्याने जरासा वर केला.

मला हसू येत होतं, पण मी ते गिळलं. दुकानात बसणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी हसू नये, गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. त्याने मात्र निमूटपणे हात बुडवला आणि मी पुरे म्हणेपर्यंत बादलीशी उकिडवा बसून राहिला. मी मुद्दामच जरा उशिरा पुरे म्हटलं.

एका हाताने काठी धरून तो पाण्यात उतरला, आणि नवल म्हणजे थोड्या वेळात त्याची दोरी ताणली. आता आमच्याकडे अशा वेळी काठी हळू उचलतात. ओतोरी आणि नवा मासा दोघंही हवेतून अलगद येतात आणि ते कमरेच्या जाळ्यात झेलायचे असतात. याने काय करावं? खच्चून एक हिसका दिला. दोन्ही मासे त्याच्या डोक्यावरून, माझ्या डोक्यावरून उडाले आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बाबांच्या सदऱ्याला लटकले. काठावरचे सगळे म्हातारे पोट धरून हसले. एकटे बाबा हसले नाहीत. ते पाण्यापर्यंत चालत गेले आणि त्याला विचारलं, "कुप्याच्या कुठल्या बोटीवर आहेस?"

बाबांनी बरोबर ओळखलं होतं. भर समुद्रात कुपा माशांच्या थव्यावर गळ टाकणारे लोक मासा असाच डोक्यावरून मागे भिरकावतात, तो आपसूक डेकवर पडतो. मागे वळून बघायला त्यांना सवड नसते. शुहेईचा खांदा त्यातच निखळला होता. बोट उत्तरेला निघून गेली आणि कप्तानाने याला सक्तीच्या विश्रांतीसाठी मावशीकडे, पलीकडच्या गावात पाठवून दिलं.

मग तो रोज येऊ लागला. खांदा सुधारत गेला, गळ्यातली पट्टी सुटली, 'अहो'चं 'अगं' आणि 'अरे' झालं. हिसक्याची सवय मात्र सुटेना. मी कपडे वाळत घातले की तो गंभीरपणे विचारायचा, आज कुठला सदरा पकडू. मी म्हणायचे, आधी मासा पकड. दुपारी बाबा त्याला सावलीत बसवून समुद्राच्या गोष्टी काढायचे, आणि मी नसलेली कामं काढून तिथेच घुटमळायचे. तो माझ्याकडे बघत नसे तेव्हा मी बघायचे. मी बघत नसे तेव्हा तो काय करायचा, ते मला आमच्या टाकीच्या पाण्यात दिसायचं.

सप्टेंबरात कप्तानाचा फोन आला. बोट उत्तरेकडच्या केसेन्नुमा बंदराला लागली होती, खांदा बरा असेल तर ये म्हणाला. शुहेईने हे मला सांगितलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाचे मासे निवडत होते. निवडतच राहिले.

"एक मागू?" तो म्हणाला. "जायच्या आधी एक दिवस माझ्याबरोबर मासे धरायला ये. सगळा उन्हाळा बघतोय... दुसऱ्यांना मासे देतेस, स्वतः एकदाही पाण्यात उतरत नाहीस."

"दुकान कोण बघेल?"

"मी बघतो," आतून बाबा म्हणाले. त्यांचे कान नको तेव्हा फार तिखट.

बाबांचा छोटा ट्रक घेऊन आम्ही सकाळी वरच्या अंगाला गेलो, जिथे डोंगरातला ओढा नदीला मिळतो. पाणी इतकं नितळ की तळाच्या दगडांवर आयूने खरवडलेल्या रेघा मोजाव्यात. हवेत काकडीसारखा वास होता. आयू भरपूर असले की काठाला तसा वास येतो. आम्ही दोघांनी एकाच दगडाशी बसून हात पाण्यात घातले.

"झाले गार?" मी विचारलं.

"नाही अजून."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुझे?"

"माझे पण... नाही."

बोटं केव्हाच बधिर झाली होती. त्याचा हात माझ्या हातापासून वीतभर दूर होता आणि पाण्यामुळे तो आणखीच जवळ दिसत होता. कुणीच हात काढेना. शेवटी बादलीतल्या ओतोरीने धडपड सुरू केली, तेव्हा आम्ही शहाण्यासारखे उठलो.

मग मी त्याला दाखवलं मासे कसे धरतात ते! काठी माझ्या हातात, जाळं त्याच्या हातात. मासे हवेतून यायचे आणि तो पोरासारखा धावून झेलायचा. नवा मासा लागला की त्याच्या नाकात कडी घालून त्यालाच पुढचा ओतोरी करायचा, आणि दमलेल्याला बादलीत सोडायचं. शुहेई कितीतरी वेळ त्या बादलीकडे बघत होता. म्हणाला, दमलेल्याला सोडून द्यायची ही पद्धत आमच्या कप्तानाला दाखवली पाहिजे. मी म्हटलं, तुला तर सगळा उन्हाळा बादलीतच ठेवला होता की. तो हसला. मग म्हणाला, इतकी चांगली बादली आपल्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

दुपारी डोंगरावरून पाऊस उतरला. आम्ही सामान उचलून पळालो ते थेट जवळच्या बुटक्या पुलाखाली. आमच्याकडच्या जुन्या पुलांना कठडे नसतात, पूर आला की पाणी सरळ वरून जातं. त्याच्या काठाकडच्या कमानीखाली जेमतेम दोन माणसं मावतील एवढी कोरडी जागा होती. तिथे अडकलेली वाळकी लाकडं पेटवून आम्ही मीठ लावलेले आयू काड्यांना टोचून निखाऱ्याशी उभे केले. मी आणलेली भाताच्या गोळ्यांची पुरचुंडी सोडली. पुढे पावसाचा पडदा, मागे दगड, आणि त्याचा ओला खांदा माझ्या खांद्याला लागत होता. पाऊस थांबू नये असं मला वाटत होतं, आणि आमच्यासारख्या नदीवाल्यांना तसं वाटणं फार वाईट.

"मावशीच्या ओळखीने लाकडाच्या वखारीत जागा आहे," तो निखाऱ्याकडे बघत म्हणाला.

"बरी आहे?"

"बरी म्हणजे... जमीन हलत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू काय म्हणतेस?"

"मी कोण म्हणणार?"

त्याने काडीवरचा मासा फिरवला. "कुणीतरी म्हणायला हवं, मिसाओ."

'राहा' हा एवढासा शब्द. तो माझ्या जिभेवर आला होता, अगदी दातांपर्यंत. आणि मला बाबा आठवले.

बाबाही एकेकाळी कुप्याच्या बोटीवर होते. लग्न ठरलं तेव्हा आई त्यांना थांब म्हणाली आणि ते थांबले. आई गेल्यानंतरही ते कधी एका शब्दाने कुरकुरले नाहीत. पण रोज सकाळी, नदीच्या पाण्याकडे बघण्याआधी, ते रेडिओवर समुद्राच्या वाऱ्याची बातमी ऐकतात. लहानपणापासून मी त्यांची ती पाठ बघत आले. टाकीत फार दिवस ठेवलेल्या आयूच्या अंगावरचा पिवळा ठिपका फिका पडतो, हेही मला माहीत होतं. मला शुहेई हवा होता, फार हवा होता, पण वेसण घातलेला नको होता.

"जा," मी म्हटलं.

"जाऊ?"

"नोव्हेंबरात बोट परत येते ना?"

"येते. पण तेव्हा तुझी नदी बंद. मासा नसतो नदीत."

"मासा नसतो," मी म्हणाले. "मी असते."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग त्याने माझा हात हातात घेतला. निखाऱ्याशी शेकलेला, कोरडा, ऊन ऊन हात. या वेळी मी तो बुडवायला सांगितलं नाही. मासे एका बाजूने पार करपले, तेही आम्ही आवडीने खाल्ले.

नोव्हेंबरात तो खरंच आला आणि हिवाळ्यातच आमचं लग्न झालं. पण कुप्याची बोट फेब्रुवारीत निघते आणि नोव्हेंबरात परतते. नदी जूनमध्ये उघडते आणि पानं लाल व्हायच्या आत बंद होते. तो असतो तेव्हा नदी नसते, नदी असते तेव्हा तो नसतो. म्हणून पुलाखालचा तो एकच दिवस आम्हाला मिळाला. हिवाळ्यात आम्ही खाऊनपिऊन सुखी असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण उन्हाळ्यात जोडप्यांना ओतोरी बांधून देताना, बायको काठी धरते आणि नवरा जाळं घेऊन धावतो ते बघताना, माझा कडीवरचा हात चुकतो. दर फेब्रुवारीत बंदरावर मी हसून हात हलवते. माझ्या समजूतदारपणाचं सगळ्यांना कौतुक. मलाही होतं.

या जुलैत एका सकाळी बाबा नेहमीप्रमाणे रेडिओ कानाशी धरून बसले होते. इतकी वर्षं न विचारलेलं मी विचारून टाकलं, आईने थांबवल्याचं अजून वाईट वाटतं का म्हणून.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टाकीत साबण टाकला.

"जावई समुद्रावर आहे. वारा ऐकू नको?"

"आणि तो यायच्या आधी?"

"त्याआधी दोस्त होते माझे तिकडे." त्यांनी रेडिओ बंद केला. मग चहा ओतून घेतला आणि कपाकडे बघतच म्हणाले, "तुझी आई थांब म्हणाली म्हणून मला कळलं, मी कुणालातरी हवा आहे. बोटीवर असं कुणी सांगत नाही, पोरी."

दिवसभर मी चुकीचे मासे निवडत होते.

दोन दिवसांनी बोट केसेन्नुमाला लागली आणि शुहेईचा फोन आला. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, पाणी कसं आहे. मी सांगितलं, स्वच्छ आहे, मागच्या पावसाने शेवाळ धुऊन गेलं होतं, आता नवं कोवळं आलंय. मग मासा गोड असेल, तो म्हणाला. इथे मी एरवी, जप हं, म्हणते आणि फोन ठेवते.

"शुहेई, ये."

"येतोच की. नोव्हेंबरात—"

"नोव्हेंबरात नको. आत्ता ये. नदी खुली आहे तोवर ये." माझा आवाज चिरकत होता, चिरकू दिला. "मला तू इथे हवा आहेस. पुलाखाली पण मला हेच म्हणायचं होतं."

पलीकडे सीगल ओरडत होते, पेट्या आपटत होत्या.

"किती वर्षं लावलीस गं," तो म्हणाला.

कप्तान चिडेल का, असं मी विचारलं, तर म्हणाला, चिडू दे. मग फोन बाजूला धरून त्याने कुणालातरी आपण घरी निघाल्याचं मोठ्याने सांगितलं आणि परत फोनवर आला. धाप लागल्यासारखा बोलत होता. बाबांना दुकान सांभाळायला सांग म्हणाला. मी बरं म्हटलं आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना, हातात ओला मासा घेऊन, मोठ्याने रडले.