हेमांगीची मैत्रीण

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला तीन आठवडे घरी बसायला सांगितलं, आणि घरी बसणं मला जमत नाही. पुसदला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करते आहे. नमुना आला, नोंद केली, तपासला, रिपोर्ट दिला, की पुढचा. चौथ्या दिवसापर्यंत मी मसाल्याचे डबे दोनदा पुसून लावले होते. नवरा, राजदीप, सकाळी शाळेत शिकवायला गेला की संध्याकाळी सहालाच परतायचा. मुलगी नागपूरला होस्टेलवर. दुपारभर मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. बसले की वाटायचं, काहीतरी करायचं राहून गेलंय.

पाचव्या दिवशी आर्णीहून फरहाना आली. ती माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिनं खांद्यावरची पिशवी दिवाणावर उपडी केली.

"हे घे. अब्बूंनी दुकान बंद केलं ना, तं माळा साफ करून राह्यलो. तिथं सापडली."

अकरा जुनी पुस्तकं होती. कापडी पुठ्ठा, पिवळी पडलेली पानं. हेमांगीच्या शोधकथा.

मी ओरडलेच. टाके ओढले गेले.

फरहानाचे वडील, अब्दुल गनी, आर्णीत बुक बाइंडिंग करायचे. गावातल्या एका वाचनालयानं ही पुस्तकं बांधायला टाकली आणि नंतर ते वाचनालयच बंद पडलं. आम्ही तेव्हा सहावीत होतो. चाचांनी पुस्तकं उसवून ठेवलेली असायची. एकेक फर्मा, म्हणजे सोळा पानांची एकेक घडी, सुटी पडलेली. जो हाती लागेल तो फर्मा आम्ही वाचायचो. त्यामुळे चोर आधी सापडायचा आणि चोरी नंतर व्हायची. शाळा सुटली की दुकानामागच्या पडवीत बसून आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं, हे दोन वर्षं चाललं.

फरहाना चहा घेऊन चारच्या गाडीनं परत गेली. मी लगेच पहिलं पुस्तक उघडलं.

चौतीस वर्षांनी ती हेमांगी मला फार गमतीची वाटली. वय वर्षं चौदा, स्वतःची सायकल, स्वतःचा टॉर्च. तिला कधी परीक्षा नसायची. तिच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला अकराही पुस्तकांत नाव नव्हतं. चोर मात्र दर वेळी लंगडा. आर्णीच्या बौद्धपुऱ्यातल्या, हापशीवरून पाणी भरून शाळेत जाणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला ती हेमांगी का आवडली असेल, याचा मी विचार करू लागले, आणि मग आठवलं. मला हेमांगी आवडायची नाही. मला जमनी आवडायची.

जमनी ही हेमांगीची मैत्रीण. ती कधी पुढे जायची नाही, मागे थांबायची. सदान्‌कदा भुईमुगाच्या शेंगा खायची. आणि हेमांगीनं सगळा उलगडा केला, की हळूच असा एक प्रश्न विचारायची, की हेमांगीला परत विचार करावा लागायचा. त्या पुस्तकांत आमच्यासारखी ती एकटीच होती.

पहिल्या पुस्तकात जमनी आली नाही. दुसऱ्यापासून येत असेल असं वाटलं. दुसऱ्यातही नव्हती. रविवारपर्यंत मी अकरा पुस्तकं संपवली. जमनी कुठेच नव्हती.

फर्मे गळलेत का ते पाहिलं. पानांचे आकडे सलग होते.

पण एक गोष्ट खटकत होती. तिसऱ्या पुस्तकात, एक्केचाळीसाव्या पानावर, हेमांगी एका पडक्या बंगल्यात एकटी उभी आहे. तिथे लिहिलं होतं: 'हेमांगीने मान हलवली. "नाही गं, तसं नाही," ती म्हणाली. "दार आतून लावलेलं होतं."'

हे ती कोणाला सांगत होती? मी दोन पानं मागे गेले. बंगल्यात दुसरं कोणीच नव्हतं. कोणी काही विचारलंही नव्हतं.

मी लॅबच्या सवयीनं वही घेतली आणि पुस्तक, पान, ओळ अशा नोंदी करत पुन्हा सगळं वाचलं. न विचारलेल्या प्रश्नांना हेमांगीनं सव्वीस ठिकाणी उत्तरं दिली होती.

मी फरहानाला फोन लावला.

"तुले जमनी आठवते का?"

"शेंगावाली? आठवते ना. मले तं तेच आवडे."

माझा जीव भांड्यात पडला. "ते पुस्तकात नाही," मी म्हटलं. "एकातही नाही."

"नीट पाह्य. ते विचारते ना, बंगल्याच्या गोष्टीत. 'पण मंग दार कोणं लावलं?'"

फरहाना बोलायची थांबली. मलाही तेव्हाच कळलं. मलाही ते वाक्य तसंच आठवत होतं, अगदी तसंच. त्या पुस्तकांत सगळे जण पुस्तकी मराठी बोलतात. चोरसुद्धा 'मला क्षमा करा' म्हणतो. तिथे 'कोणं लावलं' कोण म्हणेल? आणि त्या बंगल्यांच्या, टॉर्चच्या जगात जमनी नावाची मुलगी कुठून येईल?

"साधना," फरहाना हळूच म्हणाली, "मले तिचा आवाज आठवते. थोडा बसका."

बसका. माझ्याही मनात तोच शब्द होता, पण मी तो उच्चारलाही नव्हता.

पुढचे चार दिवस मी जे शक्य होतं ते केलं. आमच्या वर्गातल्या एकीनं शाळेतून सहावीच्या हजेरीचा फोटो काढून पाठवला. अडतीस मुली. जमनी नव्हती. अडतीसपैकी पस्तीस जणी आमच्या ग्रुपवर होत्या, दोघी मोठ्या वयात वारल्या, एक अमेरिकेत. चाचांच्या शेजारच्या धुरपताबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना फरहानानं विचारलं, त्या काळात गावातली एखादी पोरगी हरवली होती का? "पोरगी हरपली असती तं आर्णी गप बसली असती काय?" धुरपताबाई म्हणाल्या. म्हणजे कोणी हरवलं नव्हतं. कोणी नव्हतंच.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण रात्री झोप येईना आणि दिवसा बसवेना. शुक्रवारी राजदीपला न सांगता मी आर्णीची बस धरली. दिग्रसपर्यंत दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या होत्या, मध्येमध्ये कापसाच्या गाड्या. पोटावर ओढणी घट्ट दाबून मी प्रत्येक खड्डा मोजत गेले.

चाचा अंगणात खुर्चीवर बसले होते. वय एक्याऐंशी, हात थरथरतात, पण डोकं साफ. मी सरळ विचारलं, "चाचा, आम्ही वाचत बसायचो तेव्हा आमच्यासोबत तिसरी कोणी असायची का?"

"नाही बेटा. दोघीच. पडवीत, त्या रद्दीच्या खोलीच्या दाराले टेकून बसत होत्या. एक वाचे, दुसरी ऐके. मंग थांबत होत्या. दाराले कान लावून हासत, अन् पुन्हा वाचत. मी म्हटलं, बच्चे लोग का खेल है।"

"आत कोण होतं?" फरहानानं विचारलं.

"कोण राहीन? कातरण होती. रद्दी होती."

"तुम्ही उघडून पाह्यलं होतं?"

"रोज उघडत होतो. सकाळी." चाचा आमच्याकडे पाहत राहिले. "तुम्ही शाळेत राहात तवा."

पडवी तशीच होती. दुपारचे अडीच वाजले होते, पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे खाली पडले होते. खोलीचं दार सागाचं, एकाच फळीचं. वर, माझ्या डोक्याच्याही थोडी वर, लोखंडी कडी. ती लावलेली होती.

फरहाना कडीकडे पाहत होती.

"उंच होती," ती म्हणाली. "मी वाकली होती. तू माह्या पाठीवर चढली होती."

मला नाही म्हणायचं होतं. पण माझ्या तळपायांना तिच्या पाठीचे मणके आठवले. बोटांना गंजाचा खरखरीतपणा आठवला. कडी घट्ट होती, दोन्ही हातांनी दाबावी लागली होती. त्याच्या आधीचं काही आठवेना. त्याच्या नंतरचंही नाही.

"कायले लावली होती आपण?" मी विचारलं.

"मले नाही माहीत."

मी कडी काढली.

खोली आठ बाय दहाची. खिडकी नाही, वर एक झरोका. कोपऱ्यात कागदाच्या कातरणीचा ढीग. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचा वास अजून होता. बाकी काही नव्हतं. मी मोबाइलच्या उजेडात चारही भिंती पाहिल्या, जमीन पाहिली. हाताला धूळ लागली, एवढंच. मला एकदम मोकळं वाटलं. मी हसायलाही लागले.

"साधना. इकडं ये."

फरहाना दाराच्या बाहेरच्या बाजूला बसली होती. जमिनीपासून हातभर उंचीवर लाकूड दोन जागी काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं. तेल लावलेली डोकी रोज एकाच जागी टेकली की होतं तसं. एक माझी जागा, एक तिची.

मग तिनं दार फिरवलं.

आतल्या बाजूलाही एक होती.

मी बोट फिरवून पाहिलं. बाहेरच्या दोन्हींपेक्षा ती जास्त गुळगुळीत होती. जास्त खोल.

फरहाना घरातून पेचकस घेऊन आली. चार स्क्रू गंजले होते. वीस मिनिटं लागली. कडी काढून मी उकिरड्यावर फेकली. दार सताड उघडं केलं आणि सरकू नये म्हणून खाली वीट लावली.

"चुकलं आमचं," फरहाना खोलीकडे पाहून म्हणाली. चाचांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. वीट जागेवर होती आणि दार लागलेलं होतं. तिनं बोटानं ढकललं तर उघडलं. आत कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सुताराला बोलावलं. बिजागऱ्या ठीक आहेत म्हणाला.

पाचव्या दिवशी चाचांना थाप ऐकू आली. दुपारची वेळ, घरात ते एकटे. आतून, दारावर, तीनदा. त्यांनी कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली. थाप थांबली नाही. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी बाजूला पडलेला दिनदर्शिकेचा कागद उचलला आणि त्याची मागची बाजू मोठ्यानं वाचायला लागले. मुळ्याच्या पराठ्याची कृती होती. थाप थांबली. कृती संपली तशी पुन्हा सुरू झाली.

फरहाना येऊन अकराही पुस्तकं घेऊन गेली. मी तिला म्हटलं, "चाचांले इकडं घेऊन ये. खोलीच पाडून टाक."

"त्याहीले म्हटलं मी. तं म्हणे, लेकरू एवढे साल बसून राह्यलं, अन् मी त्याच्यावर भिंत पाडू?"

तेव्हापासून चाचा रोज अडीच वाजता दाराला टेकून ती पुस्तकं वाचत बसतात. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, दहा पानांना दोन तास. फरहाना म्हणते, ते मध्येच थांबतात, कान देतात, आणि मान हलवून म्हणतात, "नाही बेटा, तसं नाही." तिनं एकदा त्यांना विचारलं की आतली ती काय विचारते. चाचांनी सांगितलं नाही.

मी कामावर रुजू झाले. नमुना, नोंद, रिपोर्ट. एका जागी बसवत नाही म्हणून दोनदा सुट्टी टाकली. या महिन्यात पुस्तकं संपली. फरहानानं निरोप पाठवला की आर्णीत काही मिळत नाही, पुसदहून घेऊन ये.

काल संध्याकाळी मी बसस्टँडजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. लहान मुलांच्या फळीवर शोधकथा होत्या, चकचकीत मुखपृष्ठांच्या. दुकानदार चांगला माणूस आहे, त्यानं पाच-सहा काढून समोर मांडल्या.

"मुलगी किती वर्षांची आहे, ताई?"

मी अकरा म्हणणार होते. तेवढ्यात फोन वाजला. फरहाना होती, धापा टाकत.

"घेतली का पुस्तकं?"

"घेऊन राह्यली."

"लहान पोरींची नको घेऊ," ती म्हणाली. "पहिले थाप खाली पडे, बसलेल्या अब्बूंच्या कानाजवळ. आज मी दाराशी उभी होती. थाप माह्या खांद्याच्या वरून आली."