आठवडा अंशतः ढगाळ

हवामान कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बुधवारचा प्रादेशिक अंदाज टाइप करायला ती बसली, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि एक भलीमोठी ओली चादर खिडकीतून शिरून थेट तिच्या डोक्यावर बसली. अंधार झाला. साबणाचा वास आला. खात्याच्या नोंदीत अशा घटनेला रकाना नाही.

चादर बाजूला झाली तेव्हा दारात समोरच्या लॉन्ड्रीचा मालक उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, धाप लागलेली.

"आमची एक चादर…"

"आली. बसली. चहा विचारायचा राहिला."

तो घडी घालायला लागला. एवढ्या चादरीची एकट्याने घडी होत नाही, म्हणून दुसरं टोक तिने धरलं. घडी घालताना माणसं जवळ येतात, त्याला कुणाचा इलाज नाही. त्याच्या भुवईवर फेस होता… सांगावं की नाही, हेच तिचं ठरेना.

"अंदाज तुम्हीच काढता ना?" तो म्हणाला. "लोक चिडलेत. सोमवारी कोरडं म्हणालात, माझ्या ढीगभर चादरी भिजल्या. काल पाऊस म्हणालात, तर कडक ऊन."

"सोमवारी तुमच्या चादरी दोरीवर होत्या, म्हणून तर मी कोरडं म्हणाले. काल दोरी रिकामी होती."

"म्हणजे?"

म्हणजे असं, की वसंतातल्या त्या वादळी आठवड्यात संगणकाचे सगळे नकाशे रुसलेल्या जावांसारखे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसले होते. अशा वेळी ती समोरच्या गच्चीकडे बघायची. धुण्याच्या धंद्यातल्या माणसाला हवा कळणारच, असा तिचा शास्त्रीय समज होता. तिची आई मात्र रोज छत्री घेऊनच बाहेर पडे. 'लेकच खात्यात आहे,' म्हणे, 'धोका कशाला?'

"मला हवेतलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "मीच तुमच्याकडे बघून चादरी वाळत घालतो."

"रेडिओ ऐकून?"

"…तसंच काहीसं."

थोडक्यात, दोन माणसं एकमेकांकडे बघत होती आणि अख्खा विभाग भिजत होता.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "शुक्रवारचा अंदाज चुकला तर तुमची बदली डोंगरावरच्या केंद्रात. तिथे अंदाज करायचा नाही. पडलेला पाऊस नुसता मोजायचा."

डोंगर तिला आवडायचे. खोलीभाडं खातं देणार होतं. मग रात्री ताट अर्धंच का टाकलं, हे तिला कळेना. तिने जेवणाला दोष दिला.

गुरुवारी तिने खिडकीचा पडदा ओढला आणि फक्त नकाशे बघून लिहिलं: शुक्रवारी दुपारी वादळ.

शुक्रवारी दुपारी लख्ख ऊन पडलं. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या कपड्यांनी भरल्या. एकच दोरी रिकामी होती, त्याची. साहेबांनी बदली पक्की केली, आणि ती जिने उतरून, रस्ता ओलांडून त्याच्या गच्चीवर गेली. तो पालथ्या बादलीवर बसला होता.

"घाला हो चादरी. मी चुकले."

"वादळ म्हणालात ना?"

"वर बघा की. ढग नावाला नाही."

"वर बघून मला कधी कळलंय? आणि रेडिओ मी काल पहिल्यांदा ऐकला."

"मग आधी?"

"आधी खिडकी." तो बादलीशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "तुमचा चेहरा उतरलेला दिसला की पाऊस. हसरा असला की चादरी. काल तुम्ही पडदा ओढलात… मला काही सुचेना. वाटलं, रागावलात."

"मंगळवारी माझी दाढ दुखत होती."

"अरेच्चा. आणि सोमवारी? सोमवारी तर खूप हसत होतात."

तिने दोरीचा चिमटा काढला, परत लावला.

"सोमवारी… तुम्ही गच्चीवर आला होतात."

वारा नव्हता, तरी दोरी हलत होती.

"येत्या सोमवारी मला हजर व्हायचंय," ती म्हणाली. "डोंगरावर. बदली झाली."

तो उठला. पँटचे पाय उगाच खाली सोडले, पुन्हा दुमडले.

"तिथे चादरी मळतात?"

हा प्रश्न धंद्याचा की आणखी कशाचा, हे सांगणारा नकाशा अजून निघालेला नाही.

"माणसं राहतात," ती म्हणाली. "मळत असणार."

"मग लॉन्ड्री लागेल."

"पाऊस फार असतो तिथे. वाळायच्या नाहीत."

"नाही वाळल्या तर बसून राहू. तुम्ही असालच ना?"

"असेन," ती म्हणाली. सवयीने पुढे 'अशी दाट शक्यता आहे' असं जोडायला तिने तोंड उघडलं… आणि तसंच मिटलं.