निळ्या सायकलची सीट

भंगार सायकलींच्या ढिगातून एक सुंदर वळणदार हँडल डोकावत होतं, म्हणून लिगायाने ते ओढलं. बस्स, एवढंच केलं तिने. पण पाठोपाठ निम्मा ढीग खडखडत खाली आला आणि पलीकडून कुणीतरी कळवळून ओरडलं.

“अगं बाई! लागलं का हो?”

“अजून जिवंत आहे,” ढिगातून आवाज आला. “पण दुसरं हँडल ओढू नका... प्लीज.”

दोन चाकांच्या मधून एक पिंगट केसांचं डोकं वर आलं. केसांत सायकलच्या चेनचा वीतभर तुकडा लोंबत होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. हसण्याची ही वेळ नाही हे लिगायाला कळत होतं. तरी ती हसली... चांगली खळखळून हसली.

हा ओरेस्त. हिवाळ्यात तो कॅनडातल्या विनिपेग शहरभर लोकांच्या घर तापवायच्या बंद पडलेल्या भट्ट्या दुरुस्त करत फिरायचा. उन्हाळ्यात त्याला कोण विचारतो? म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी तो या सहकारी वर्कशॉपात येऊन नवख्यांना सायकली जोडायला शिकवायचा, फुकट. नियम सोपा होता. आठ तास स्पोक-नटबोल्ट निवडायचे, की ढिगातली एक सायकल तुमची. जोडायची मात्र स्वतःच्या हाताने. सुट्टे भाग फळीवरच्या डब्यांतून शोधून घ्यायचे.

लिगायाचे आठ तास भरले होते आणि तिला सायकलीची खरंच गरज होती. बेकरीतली तिची पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची, पहिली बस सहाला. रोज पाऊण तास पायपीट. जानेवारीत त्या रस्त्याने चालताना डोळ्यांतलं पाणी गोठतं, मग कुठलीही सायकल चालते. पण त्या हँडलमागची निळी सायकल बघितली आणि तिचा जीवच जडला. पन्नास वर्षं जुनी, आकाशी रंगाची, मडगार्डवर बारीक सोनेरी रेघ...

“डोळा चांगला आहे तुमचा,” ओरेस्त म्हणाला. “नशीब तेवढं चांगलं नाही.”

“का हो?”

“ही सीट बघा. आधीचा मालक सहा फुटांच्या वर असणार. आणि सीटखालचा दांडा गंजून फ्रेममध्ये असा चिकटलाय, की खाली जाणार नाही आणि वरही येणार नाही.” त्याने तिच्याकडे वरून खाली पाहिलं. “तुमचे पाय पेडलला पोचायला...”

“माझ्या उंचीबद्दल एक अक्षर काढाल तर दुसरं हँडल ओढीन.”

त्याने निमूट तेलाची बाटली आणली.

सायकल स्टँडवर चढली. वर्कशॉप सांभाळणाऱ्या डोरीनबाईंनी तारेने तिला चिठ्ठी बांधली. लिगायाचं नाव, तारीख आणि मुदत सहा आठवडे. तेवढ्यात सायकल रस्त्यावर आली नाही, तर ती खोलून तिचे भाग डब्यांत जायचे. रांगेत अकरा जण स्टँडची वाट बघत होते. लिगाया बाईंना घरच्या फिलिपिनो सवयीने ‘तिता’ म्हणायची, म्हणजे मावशी. पण मावशीपणाने मुदत वाढत नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

मग गुरुवारमागून गुरुवार गेले. दांड्याच्या कडेने तेल सोडायचं, फ्रेम उलटी करायची. ती तिने दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायची आणि ओरेस्तने सीट पकडून पिळायची. सुरुवातीला कधी उलटं, तो धरायचा आणि ती पिळायची. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर. दांडा हलायचा नाही. बाकी बरंच काही हलायचं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती बेकरीतले गोडसर पाव आणायची, तो आईने केलेले पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणि उघड्या दारातून येणारे डास दोघांना सारखेच चावायचे.

“नाकाला ग्रीस लागलंय तुझ्या,” एकदा तो म्हणाला.

“कधीपासून?”

“मागच्या गुरुवारपासून.”

“आणि मला तसंच बसने घरी जाऊ दिलंस?”

“छान दिसत होतं...” असं म्हणून तो डब्यात उगाच वॉशर शोधायला लागला.

असं काहीतरी तो बोलायचा आणि लगेच पळायचा. पुढे काही नाही. वर्कशॉपबाहेर भेटूया म्हणून एकदाही नाही. लिगाया घरी जाऊन त्या अर्ध्या वाक्यांवर आठवडा काढायची. हा सगळ्यांशीच असा वागतो का? सायकल झाली की हा पुढच्या नावाकडे वळेल आणि आपल्याला विसरेल? तिला सायकल हवी होती, आणि ती इतक्यात होऊ नये असंही वाटत होतं. असल्या मनाचं काय करायचं, सांगा!

सहावा गुरुवार उजाडला. शेवटचा. लिगाया अर्धा तास लवकर, साडेपाचलाच पोचली. म्हटलं, एकटीने जोर लावून बघू. तिने नट सैल केला, सीट धरली, दात आवळले, पिळली...

दांडा अलगद बाहेर आला. लोण्यातून सुरी यावी तसा.

ती बघतच राहिली. दांडा लख्ख घासलेला होता आणि त्यावर हिरवं ग्रीस चोपडलेलं होतं. असं हिरवं ग्रीस अख्ख्या वर्कशॉपात एकाच माणसाच्या खिशातल्या डबीत असायचं.

पहिल्यांदा तिचं डोकं तडकलं. म्हणजे गुडघे दुखेपर्यंत मी फ्रेम धरून बसत होते तेव्हा हा गृहस्थ मनात हसत होता? आणि मग दुसरी एक शंका आली. ती इतकी गोड होती, की खरी मानायची तिला भीती वाटली. तिने दांडा परत आत सरकवला, नट आवळला आणि बाकावर जाऊन साळसूदपणे बसली.

ओरेस्त आला. त्याने नट सैल केला, सीट धरली आणि चेहरा लालबुंद होईस्तोवर कण्हला.

“छे! तसूभर हलत नाही.”

“अजून जोर लाव ना,” लिगाया म्हणाली.

“लावतोय...”

“मान पण लाव. मागच्या वेळी मान लावली होतीस.”

त्याने बिचाऱ्याने मानही लावली. काय नट होता! लिगायाला आतून हसू फुटत होतं. तेवढ्यात डोरीनबाई पाना घेऊन आल्या.

“चला पोरांनो, मुदत संपली. निघाला का दांडा?”

ओरेस्तने लिगायाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “नाही... अजून एक आठवडा द्या ना.”

“माझ्या सख्ख्या भावाला दिला नव्हता.” बाईंनी पुढच्या चाकाच्या नटाला पाना लावला. “चाकं चांगली आहेत. कुणाच्या तरी कामी येतील.”

लिगायाने दोन बोटांनी दांडा उचलला असता, तर सायकल वाचली असती. तिचे हात शिवशिवत होते. पण तिने ते मांडीखाली दाबून धरले. गेली तर जाऊ दे सायकल, आणखी एक हिवाळा चालेन... पण आज याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हलणार नाही!

पहिला नट सुटला आणि टणकन जमिनीवर पडला. बाईंनी दुसऱ्याला पाना लावला.

“थांबा!” ओरेस्त ओरडला. सगळं वर्कशॉप वळून बघायला लागलं. “दांडा निघालाय. निघून तीन आठवडे झाले. मी मधल्या शुक्रवारी येऊन गॅसच्या बत्तीने शेकवून काढला आणि... परत बसवला. तेव्हापासून हिला सीट पिळूच दिली नाही.”

“परत बसवलास?” बाई म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“नाही.” त्याचे कान शेंदरी झाले होते. “पुढे ब्रेक आणि चेन, एवढंच तर काम उरलं होतं. एका संध्याकाळचं. मग ही सायकलवर बसून निघून गेली असती. मला ही जायला नको होती. मला हिची... लिगाया, मला तू फार आवडतेस. हे मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं, पण माझी जीभ या दांड्यापेक्षा जास्त गंजलेली आहे. चिडलीस?”

“साडेपाचला चिडले होते,” लिगाया म्हणाली.

“साडेपाचला?”

ती उठली, सायकलीजवळ गेली आणि दोन बोटांनी सीट वर उचलून त्याच्या हातात दिली. त्याने आधी दांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तुला माहीत होतं? आणि तू मला मान लावायला लावलीस? आणि सायकल... बाई चाकं काढत होत्या, तरी गप्प बसलीस?”

“सायकल दुसरी मिळाली असती रे, वेड्या.”

डोरीनबाईंनी जमिनीवरचा नट उचलून जागेवर फिरवला. “नऊला कुलूप लावते,” त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. “ब्रेक, चेन आणि जे काय बोलायचंय ते, सगळं त्याच्या आत.”

ब्रेक सव्वासातला बसले, चेन आठला. पावणेनऊला लिगाया आपल्या उंचीला बेतलेल्या सीटवर बसली आणि इकडच्या उन्हाळ्यात नऊनंतरही न मावळणाऱ्या उन्हात, दारासमोर, तिने दोन गोल फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ती ओरेस्तच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. दम लागला होता, गाल तापले होते.

“मग... पुढच्या गुरुवारी येशील?” त्याने विचारलं. “उगाचच?”

“पुढचा गुरुवार? आठवडाभर काय करू मी?” ती म्हणाली. “उद्या काय करतोयस?”

“उद्या?” तो गडबडला. “उद्या... काहीच नाही.”

“माझी पाळी एकला सुटते. बेकरीच्या मागच्या दाराशी ये. आणि हे बघ, येताना हात धुऊन ये. मला धरायचेत.”