उशाशी कुणी जायचं नाही

हे घडलं तेव्हा आम्ही चौघं तिथे होतो. चौघांना वेगवेगळं बसवून विचारलंत तरी तेच ऐकायला मिळेल. ज्यांना थट्टा करायची असेल त्यांनी खुशाल करावी. माझ्या जिवावर बेतलंय, मी खोटं कशाला सांगू?

आणि रात्र वगैरे नव्हती. रविवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

आधी आम्ही कोण ते सांगते. आमच्या चौघांचेही वडील सैन्यात होते. चौघेही लढाईवरून परत आले. म्हणजे शरीराने आले. बाकीचं निस्तरायचं काम घरच्यांच्या वाट्याला आलं.

बाहेर कुठे बोलायची सोय नाही. "देशासाठी लढलेत ते!" असं म्हणून लोक तोंड बंद करतात. म्हणून आम्ही मुलं, आता चाळिशी-पन्नाशीची, दर रविवारी भेटायचो. गाडी शिकवणारे मास्तर, त्यांच्याच क्लासवरच्या खोलीत आम्ही बसायचो. गट चालवायची नर्सताई. मी गाद्या-उशा शिवते, म्हणून मी गादीवाली. आणि सगळ्यांत नवा, बेकरीवाला.

चौघं जमलो त्या पहिल्याच दिवशी खुर्च्यांवरून हशा झाला होता. दाराकडे पाठ करून बसायला एकही जण तयार नाही! सगळ्यांना भिंत हवी. शेवटी चारही खुर्च्या एकाच भिंतीला ओळीने लावल्या.

"बसा आता, फोटो काढतो," मास्तर म्हणाले.

आणखी एक गोष्ट चौघांनाही न शिकवता येत होती. झोपलेल्या बाबांना उठवणं.

उशाशी जायचं नाही. पायथ्याशी उभं राहायचं, मागचं दार उघडं ठेवून. मोठ्याने सांगायचं की किती वाजले, तुम्ही कुठे आहात. मग लांब काठीने पायाच्या अंगठ्याला टोचायचं. आणि लगेच म्हणायचं, "बाबा, मी आहे."

मी आहे म्हटलं की उठलेला हात खाली यायचा. नेहमी.

मी नऊ वर्षांची असताना विसरले. चहा झालाय सांगायला उशाशी गेले आणि खांद्याला हात लावला. माझा डावा हात कोपरात मोडला. तो अजून वाकडाच आहे. शुद्धीवर आल्यावर बाबा माझ्यापेक्षा जास्त रडले. त्यांचा राग करावा की कीव, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता बाबा अंथरुणाला खिळलेत. दोन वर्षं झाली, कूसही मीच वळवते.

एका रविवारी मी गटात बोलून गेले. म्हणाले, "एकदा दुपारी उशी हातात घेऊन मी बाबांच्या उशाशी उभी होते. चांगली दोन मिनिटं."

बेकरीवाल्याने मान खाली घालून विचारलं, "मग?"

"मग काय? ठेवली खाली."

तीन आठवड्यांनी त्याचे वडील गेले. दुपारी झोपेतच. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं.

महिन्याभराने तो आला तेव्हा डोळे खोल गेले होते. म्हणाला, "माझी सहा वर्षांची पोर दुपारी झोपून उठली की गळ्यावर बोटांचे वळ असतात. बायको तिला घेऊन माहेरी गेलीये, तिथेही तेच. म्हणते, घर मोकळं झाल्याशिवाय येणार नाही. आणि रोज तीन वाजता त्या रिकाम्या खोलीतून..."



"काय?" मी विचारलं.

"घोरणं ऐकू येतं, ताई."

नर्सताई विचार करून म्हणाली, "झोपेतच गेले ना? मग त्यांना कळलंच नसेल. कुणीतरी उठवायला हवं."

दुसऱ्या कुणाला हा वेडेपणा वाटला असता. आम्हाला नाही वाटला. मास्तरांनी काठी शोधली.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. घर बेकरीच्या मागेच. भट्टी त्या दिवशी बंद, तरी भिंत कोमट होती. खोलीत लोखंडी खाट, खिळ्याला घड्याळ, पायथ्याला चौकोनी घडी घातलेलं ब्लँकेट. चादर गादीखाली घट्ट खोचलेली.

"कोण आवरतं हे?" मी विचारलं.

"कुणीच नाही. मी रोज विस्कटून जातो."

मग माझ्या लक्षात आलं. धंद्याची नजर, दुसरं काय!

"उशी कुठाय रे?"

"टाकून दिली. जुनी झाली होती." माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

तीन वाजले.

आधी घड्याळाची टिकटिक थांबली. मग रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येईनाशा झाल्या.

आणि मग...

घोरणं. हळू, खोल, एका लयीत.

गादी दबली. आधी पाठीच्या जागी, मग टाचांच्या. माणूस आडवा झाला की गादी कशी दबते हे मला कुणी सांगायला नको. पण डोक्याच्या जागी काहीतरी चुकत होतं. तिथे गादी नुसती दबली नव्हती. वरून कुणीतरी जोर लावल्यासारखी ती खाली जात होती. पुन्हा पुन्हा.

नर्सताई पायथ्याशी गेली. आवाज जराही कापला नाही तिचा.

"दुपारचे तीन वाजलेत. तुम्ही घरी आहात. लढाई संपली. उठा."

तिने काठी टोचली.

घोरणं थांबलं...

तिने बेकरीवाल्याला खूण केली. तो पुढे झाला. म्हणाला, "बाबा, मी आहे."

त्याला आणखी काही बोलताच आलं नाही.

तो असा खेचला गेला की पाय जमिनीवरून सुटले. कपाळ खाटेच्या लोखंडावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दात तुटल्याचा आवाज आला आणि पांढरी चादर लाल झाली. मास्तरांनी त्याचे पाय धरले, तर तेच भिंतीवर फेकले गेले. मनगट मोडलं त्यांचं. माझ्या डोळ्यांसमोर बेकरीवाल्याच्या गळ्यावर खड्डे पडत होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. आणि हात कुठेच दिसत नव्हता.

"सांग त्यांना! तू कोण ते सांग!" नर्सताई ओरडली.

"मी... मी आहे... बाबा..."

बोटं आणखी रुतली.

"मी... आहे..."

आणखी.

जन्मभर ज्या शब्दांनी हात खाली आला, त्याच शब्दांनी तो आवळत होता. नर्सताईच्या हातून काठी गळून पडली. आणि मला कळलं. उशी का नाही, ते कळलं. त्या माणसाने शेवटचं काय ऐकलं असेल, तेही कळलं.

बेकरीवाल्याचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

मी गेले. सरळ उशाशी. या वेळी रिकाम्या हाताने.

"सोडा त्याला! त्याच्या डोक्यात ते मी घातलं. मी गादीवाली. उशी घेऊन आधी मी उभी होते. माझ्या बाबांच्या उशाशी!"

हात सुटला. बेकरीवाला खाली कोसळला.

माझ्या कानाशी कुणीतरी एकदाच श्वास घेतला... बस.

घड्याळ पुन्हा चालू झालं.

नर्सताईने त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त आणि दात बाहेर काढले. बऱ्याच वेळाने तो बोलायला लागला. घोगऱ्या, फुटक्या आवाजात.

"पोर त्यांना बिस्किट द्यायला गेली होती. उशाशी. त्यांनी झोपेत तिचा गळा धरला. मी धावलो, हाताला उशी लागली, ती तोंडावर दाबली. 'मी आहे बाबा, मी आहे,' म्हणत होतो. त्यांनी ऐकलं, ताई. लगेच हात सोडला. पोर पळाली."

"मग?"

"तरी मी दाबत राहिलो."

तो माझ्याकडे बघत होता. "तू खाली ठेवलीस. मला नाही ठेवता आली."

आठवड्याने तो आपण होऊन पोलिसांकडे गेला. त्यांनी डॉक्टरांचा कागद बघितला, त्याचं सुजलेलं तोंड बघितलं आणि घरी पाठवलं. म्हणाले, दुःख झालंय तुम्हाला, जरा झोप काढा. पोरीच्या गळ्यावर आता वळ येत नाहीत. तरी बायको अजून आलेली नाही. आमचा गटही बंद पडलाय.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे.

त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी मी दुपारी बाबांना उठवायला गेले. दार उघडलं...

उंबऱ्यावर बाबांची उशी होती. नीट, सरळ ठेवलेली. आत बाबांची चादर चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली.

बाबांना स्वतःचा हात उचलता येत नाही. घरात तिसरं कुणी नाही.

मी उशी आत नेऊन त्यांच्या डोक्याखाली ठेवते. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती पुन्हा उंबऱ्यावर असते. रोज. दारावर बेकरीवाल्याच्या वडिलांचा पहारा बसलाय आणि तो माझ्यावर बसलाय. मी उशी खाली ठेवली होती, हे मी त्या खोलीत त्यांना सांगितलंच नाही. तेवढं वाक्य राहून गेलं.

आजही गेले. पायथ्याशी उभी राहिले, मागचं दार उघडं ठेवून. तीन वाजलेत म्हटलं. तुम्ही घरी आहात म्हटलं. काठीने अंगठ्याला टोचलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. ते वाट बघत होते, मी कोण ते सांगायची.

'बाबा, मी आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी काठी घेऊन मागच्या मागे दाराबाहेर आले.