भाऊसाहेबांचा ताजा नमुना

"पेशंटचं नाव?"

"भाऊसाहेब."

"वय?"

"तीन."

लिहिता लिहिता तिचं पेन थबकलं. लॅबच्या काउंटरपलीकडच्या माणसाकडे तिनं आता कुठे नीट पाहिलं. केस ओले, कॉलर ओली, अंगाला पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनचा वास, आणि ओंजळीत, पाखराचं पिल्लू धरावं तशी जपून धरलेली नमुन्याची डबी.

"तीन वर्षांच्या बाळाला भाऊसाहेब?"

"स्वभावामुळे पडलं ते नाव," तो म्हणाला. "आणि बाळ नाही... म्हणजे आमच्या घरी बाळच आहे, पण..." शब्द ओठांपर्यंत आला आणि आल्या पावली परत गेला. दुसऱ्या खेपेला मात्र बाहेर पडला. "मासा आहे."

आत मोरीपाशी मावशी काचेच्या नळ्या धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. लॅबमध्ये मावशींनी मधेच नळ बंद केला की समजायचं, कान इकडे लागले आहेत.

आता ही लॅब माणसांची. इथं रक्त यायचं, थुंकी यायची, आणखीही जे काय यायचं ते यायचं, पण सगळं माणसाचं. तिनं "इथं होत नाही" एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण देव काही जणांच्या पदरात कुतूहल जरा सैल हातानंच टाकतो. तिनं डबी उजेडात धरली. तळाशी पांढरट, दोऱ्यासारखं काहीतरी तरंगत होतं.

"त्याला होतंय काय?" तिनं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. तो मुलांना पोहायला शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. घरी काचेच्या टाकीत ऑस्कर जातीचा एकच मासा, तळहाताएवढा, बाबांच्या चिमटीतून खाणारा. हल्ली तो तळाच्या कोपऱ्यात बसून असे. खाणं तोंडात घेई, घोळवी आणि थुंकून टाकी. पोटात जंतांसारखं काहीतरी झालंय असं दुकानदार म्हणाला, पण नेमकं काय ते कुणाला सांगता येईना.

"पोहायला शिकवणाऱ्याच्या घरचा मासा तळाशी बसलाय," तो म्हणाला. "हसा तुम्ही, सगळेच हसतात. पण बाबा त्याच्यासमोर बसून जेवतात. तो खात नाही, म्हणून बाबाही दोन घासांवर उठतात. त्यांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं."

ती हसायची थांबली.

आतल्या डॉक्टर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या काचपट्ट्या वापरून काय तो उद्योग करायला परवानगी दिली. तिनं थेंब घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. गाळ होता, कचरा होता. हलत काहीच नव्हतं.

"डबी भरून किती वेळ झाला?"

"सकाळी भरली. मग मुलांचा वर्ग होता."

"मग झालंच. हे जीव माशाच्या पोटात भरधाव पळत असतात. बाहेर येऊन गार पडले की थिजतात, आणि थिजलेले ओळखू येत नाहीत. मला ताजं हवं, मास्तर."

झालं. त्या दिवसापासून मास्तर धावू लागले. टाकीत माशाची शी पडली की नळीनं उचलायची, डबीत घालायचं, डबी मुठीत ऊबेला धरायची आणि पळत सुटायचं. घर होतं पुलापलीकडे. तो धापा टाकत यायचा, ती थेंब घ्यायची, आणि तोवर सगळं थिजलेलं असायचं.

"पोरी," मावशी म्हणाल्या, "माणसं स्वतःच्या बायकोचा रिपोर्ट न्यायला एवढी पळत नाहीत."

"बायको असायला हवी ना आधी," तो धापा टाकतच म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मावशींनी नळ मोठा सोडला. त्यांना हवं ते कळलं होतं.

ती मात्र डोळा लावून बसली होती. खरं तर पाहण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. "धावून उपयोग नाही," ती काचेशीच बोलल्यासारखं बोलली. "आता मायक्रोस्कोपच तुमच्या घरी आला पाहिजे."

शिकत असताना घेतलेला तिचा एक जुना मायक्रोस्कोप होता, आरशावर उजेड घेणारा. तो कापडी पिशवीत घालून ती संध्याकाळच्या उन्हात पूल ओलांडून गेली.

दार बाबांनी उघडलं. त्यांनी जन्मभर बस चालवली होती आणि अजूनही ते खुर्चीत सीटवर बसल्यासारखे ताठ बसत. "या, दुर्बीणवाली," ते म्हणाले, आणि त्या घरात तिचं नाव तेच पडलं.

टाकी खिडकीजवळ होती. शेजारी पाण्यानं भरलेल्या बादल्या. नळाचं पाणी असं शिळं करून, त्यातला क्लोरीन उडाल्याशिवाय टाकीत थेंबही घालायचा नाही, हा बाबांचा नेम. तिनं विचारायच्या आधीच त्यांनी तो सांगून टाकला. कोपऱ्यात भाऊसाहेब बसले होते. काळे, नारिंगी नक्षीचे, कुणीतरी मान राखला नाही अशा चेहऱ्याचे.

तिनं थेंब घेतला. खिडकीच्या कट्ट्यावर मायक्रोस्कोप ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला, डोळा लावला आणि तसाच लावून ठेवला.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

ती बाजूला सरकली फक्त. त्यानं वाकून पाहिलं. उजेडाच्या त्या गोलात बारीक बारीक थेंबांसारखे जीव शेपट्या हलवत नुसते सैरावैरा धावत होते. ना त्यांना दिशा, ना विसावा.

"एवढ्याशा पोटात एवढी गर्दी," तो पुटपुटला.

"देवानं वस्ती कुठं करायची ठेवली नाही बघा," ती म्हणाली. "वाईट आहेत ते, भाऊसाहेबांना पोखरतायत. पण काय धावतात... तुम्ही पुलावरून येता तसे."

त्यानं मान वर केली. दोघांचे चेहरे इतके जवळ होते की त्याच्या ओल्या केसांतला थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

काय दिसलं ते तिनं लिहून दिलं, आणि त्यावरून माशांचं पाहणाऱ्या एका पशुवैद्यांनी औषध दिलं. त्यांनी बजावलं, रोग पोटात आहे, औषध पाण्यात ओतून भागायचं नाही, ते पोटात गेलं पाहिजे. खाण्यात कालवायचं, लसणाच्या रसाचा वास लावायचा, गोळ्या करायच्या. पाणी थोडं ऊबदार ठेवायचं आणि रोज थोडं बदलायचं.

गोळ्या छान झाल्या. भाऊसाहेब वर आले, गोळी तोंडात घेतली, विचार केला आणि थुंकली. दुसरी थुंकली. तिसरी तर काचेवर नेम धरून थुंकली.

मायक्रोस्कोपचं काम तसं झालं होतं. तरी ती रोज संध्याकाळी येत राहिली. का, ते कुणी विचारलं नाही. ती टाकीसमोर स्टूल घेऊन बसे, तो बादल्या भरे, आणि मधल्या मोकळ्या वेळात बोलणं होई.

"तुम्हाला पोहता येतं?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही. पाण्याची भीती वाटते."

"बुडायची?"

"छे. एका थेंबात काय काय असतं ते मला माहीत आहे."

तो इतका हसला की बादली हिंदकळली. पण भाऊसाहेब खात नव्हते. त्यांची पाठ बारीक होत चालली होती आणि बाबा ताटावरून उठून जात होते. पशुवैद्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, आता नाही गिळलं तर पुढं गिळायची ताकद राहणार नाही.

युक्ती सुचली ती बाबांना. "आपण तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसतो," ते म्हणाले. "मी जन्मभर बस हाकली. आरशातून प्रवाशाकडे टक लावून बघितलं की तो अवघडतो, त्याला उतरायचं सुचत नाही. पाठ करा."

गोळी पाण्यात सोडून तिघं भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभे राहिले. भिंतीवर एक रिकामा खिळा होता. तिघंही त्या खिळ्याकडे पाहत होते. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत नव्हता, पण लागत नाही हे दोघांनाही नीट कळत होतं.

"मी म्हणत होतो..." तो अगदी हळू म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... तुम्ही येता ना, तर... मला..."

आणि मागून आवाज आला. गळप्.

बाबा वळले, टाकीत डोकावले, आणि बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "गिळलं रे."

गिळलं खरं. दोघांनीही, एकाच क्षणी. भाऊसाहेबांनी औषध गिळलं आणि मास्तरांनी वाक्य. एकाचं पोटात जायला हवं होतं, दुसऱ्याचं पोटातून यायला. तिनं वाट पाहिली. पण वाक्य गेलं ते गेलंच.

त्यानंतर रोज तिघं खिळ्याकडे पाहत उभे राहायचे आणि रोज गळप् व्हायचं. भाऊसाहेबांच्या अंगावरची नक्षी पेटल्यासारखी दिसू लागली. बाबा पुन्हा पोटभर जेवू लागले. आणि तिच्या मनात एक विचित्र हुरहुर घर करून बसली.

औषध पुरं झालं त्या संध्याकाळी तिनं पुन्हा थेंब घेतला. डोळा लावला. उजेडाचा गोल स्वच्छ होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही नाही.

"आहेत का अजून?" मास्तरांनी विचारलं. आवाज कसासाच होता.

'एकदोन दिसतायत' एवढंच म्हणायचं होतं. कोण तपासणार होतं? पुन्हा औषध, पुन्हा गोळ्या, पुन्हा तो खिळा... आणि खांद्याशेजारी तो खांदा. तिनं मान वर केली. बाबा श्वास रोखून उभे होते. भाऊसाहेब काचेला नाक लावून तिच्याकडे पाहत होते. कडक औषध होतं ते. नसलेल्या रोगासाठी त्यांच्या पोटात ते पुन्हा घालायचं?

"निल," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. बरे झाले."

बाबांनी हात जोडले, तिला की देवाला ते कळलं नाही. मास्तर म्हणाले, "बरं झालं." मग काही वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं झालं." पुलावरून परतताना तिला तो मायक्रोस्कोप फार जड लागला.

मग कुणी आलं नाही. काउंटरवर माणसांचे नमुने येत राहिले. दार वाजलं की ती मान वर करी, आणि मावशी नळ बंद करून पाहत, आणि पुन्हा सुरू करत.

"तुझ्या माशानं पाठ फिरवली वाटतं," मावशी एकदा म्हणाल्या.

"मासा बरा झाला, मावशी."

"मी कुठल्या माशाबद्दल बोलले ते तुला कळलं, तेवढं पुरे."

आणि एका दुपारी तो आला. तसाच ओला, तसाच धापा टाकत, मुठीत डबी.

"भाऊसाहेबांना पुन्हा..." तो म्हणाला. "म्हणजे शंका आली. ताजा आहे एकदम. पळत आलो."

ती डबी घेऊन आत पळाली. अर्धा थेंब साधा, अर्ध्या थेंबावर आयोडीन, रोजच्या रीतीनं. डोळा लावला.

धावणारं काही नव्हतं. आयोडीनच्या थेंबात मात्र निळेकाळे ठिपके फुलले होते. पिठाचे कण, न पचलेले, जसेच्या तसे. तिनं डबी उचलून हुंगली. मग ती डबी घेऊन सावकाश बाहेर आली.

"पेशंटचं नाव?"

"भा... भाऊसाहेब."

"तुमच्या भाऊसाहेबांनी पाव खाल्लाय, मास्तर. आणि पोटाला न विचारता तो बाहेरही काढलाय. शिवाय हे पाणी तलावाचं आहे, क्लोरीन मारलेलं. बाबांना कळलं तर तुम्हाला बादलीत बुडवतील."

तो काउंटरच्या कडेकडे पाहत राहिला. "मासा ठणठणीत आहे," तो शेवटी म्हणाला. "त्याच्याकडून काही निमित्त मिळेना. मधल्या सुट्टीत डब्यातला पाव होता, समोर तलाव होता... मला सुचलं नाही."

"काय सुचलं नाही?"

"घरचं पाणी न्यायचं."

आतला नळ बंद झाला.

तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. त्याचे ओठ हलले. काहीतरी आलं, घोळलं... आणि आता गिळणार, हे तिला स्पष्ट दिसलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि वळून, त्याच्याकडे पाठ करून, नळ्यांच्या कपाटाकडे तोंड करून ती उभी राहिली.

"मी बघत नाही," ती म्हणाली. "बोला."

मागं काउंटरवर डबीचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लागलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "त्या दिवशी खिळ्यासमोर म्हणायचं होतं. त्याच्याही आधी, तुम्ही डबी उजेडात धरलीत तेव्हाच. भाऊसाहेब बरे व्हावेत असं वाटायचं आणि लवकर होऊ नयेत असंही वाटायचं, आणि याची मला लाज वाटायची."

कपाटाच्या काचेत तिला तो दिसत होता. पुसट, ओला, हात बाजूला सोडून उभा.

"लाज मलाही वाटली होती," ती काचेला म्हणाली. "निल म्हणताना." मग जरा थांबून, "पण एवढे दिवस पोटात ठेवलंत, मास्तर. शिळं नाही झालं?"

"नाही. रोज ताजं होत होतं."

ती वळली. तिनं ती डबी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि त्याच्या मनगटावर ओघळणारा केसांतला थेंब बोटानं टिपला.

"संध्याकाळी येते," ती म्हणाली. "बाबांना सांगा, दुर्बीण घरी ठेवून येते."

आत मावशींनी नळ पुन्हा सुरू केला आणि त्याच्या धारेवर कसलंसं भजन गुणगुणायला लागल्या.