नऊ लग्नांतला फ्रिज

मावळातल्या औंढे गावच्या मांडवात सगळे नवरीकडे बघत होते आणि सृष्टी फ्रिजकडे. रुखवतात मांडलेल्या त्या लालभडक फ्रिजचा फोटो घ्यायला ती मागे सरकली, आणि तिचा ट्रायपॉड धाडकन त्याच्या दारावर आदळला. चांगला अंगठ्याएवढा पोचा पडला.

"मॅडम, नवरानवरी तिकडं हायेत." मांडवाचं कंत्राट घेतलेला आदिनाथ मागं उभा होता. त्यानं गुलाबी रिबनीचं फूल काढून अलगद पोच्यावर चिकटवलं. "आता कुनाला दिसतंय?"

"मी... मी भरून देते. मी संशोधन करते. लग्नांतली खरेदी किती वाढली, त्यानं माणसं कशी बदलली, यावर."

"फ्रिजवर पीएचडी?" तो हसला, आणि सृष्टी पुढचा प्रश्न विसरली.

मग लगीनसराईभर त्याचे फोन. "मॅडम, रविवारी सोमाटण्यात मोठं रुखवत हाय. या." ती जायची. पंगतीत तो तिच्या पानात जिलबी जरा जास्तच वाढायचा आणि वर म्हणायचा, "अभ्यासाला लागतीय." मावळात घरोघरी मोठे फ्रिज आले, असा तिचा निष्कर्ष निघाला होता. सोमवारी विद्यापीठात तो मांडायचा होता. तिनंच मोठ्या कौतुकानं आदिनाथला सांगितलं होतं. आपण त्याच्या प्रेमात पडलोय, हे मात्र तिनं कुठंच नोंदवलं नव्हतं.

नववं लग्न कुसगावात. वाऱ्यानं फ्रिजवरचं फूल गळून पडलं. उचलायला वाकलेली सृष्टी तशीच थिजली. अंगठ्याएवढा पोचा... तिनंच पाडलेला.

तिनं फोनमधले फोटो बघितले. नऊ मांडव, नऊ नवऱ्या, आणि गुलाबी फूल दर वेळी त्याच जागी.

मांडवामागं टेम्पोपाशी तिनं त्याला गाठलं. "एकच फ्रिज? भाड्यानं?"

"व्हय." त्याची मान खाली. "पाव्हणे गेले की परत टेम्पोत. पोरींच्या बापांना शब्द दिलता, कुटं बोलनार न्हाई म्हनून."

"मग मला कशाला बोलावलंत आठ-आठ वेळा?"

"ते... तुमी यावं म्हनून."

तिला राग आला, रडूही आलं. "माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष या फ्रिजवर उभा आहे, आदिनाथ. सोमवारी मी सगळ्यांसमोर खोटं बोलणार होते."

"म्हनून तर आज फूल मीच सैल लावलं. बोलनार न्हाई म्हनलोतो... दावनार न्हाई असं कुटं म्हनलोतो?" त्यानं वर बघितलं. "खरं लिवा. माझं नाव घाला. त्या घरांची तेवढी नको."

"तुमचा धंदा बसेल."

"बसू दे. तुमी तोंडघशी पडन्यापरीस बरं."

लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून तुम्ही काय काय घेता, हे सृष्टी तीन वर्षं विचारत होती. कुणासाठी काय सोडाल, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"लिहीन," ती म्हणाली. "कुणाचंच नाव न घालता."

ती मांडवात गेली आणि फूल पोच्यावर घट्ट दाबून बसवलं. तो मागोमाग आलाच होता.

"माझ्या लग्नात रुखवत मांडाल?"

त्याचा चेहरा पडला. "मांडीन की. कवा हाय?"

"ते तुमच्या आईला विचारून सांगा. फ्रिज हाच ठेवायचा... फूल मात्र लावायचं नाही."

आदिनाथच्या हातातलं दोरीचं भेंडोळं खाली पडलं.